लॉन सगळ्यांचं, शी कोणाची?

एक सूचना आधीच देऊन ठेवतो, आजचा एपिसोड जेवताना ऐकू नका. वाचत असाल तर नाश्ता उरकून घ्या. कारण आजचा विषय आहे शी. कुत्र्याची. आणि तीही सोसायटीच्या लॉनवरची.

तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फोटो येऊन गेला असेलच. हिरवंगार लॉन, मधोमध तो ऐवज, आणि खाली लिहिलेलं, "हे कोणाचं? लाज वाटली पाहिजे." मग त्यावर अठ्ठावीस रिप्लाय. त्यातले दहा अंगठे, पाच रागावलेले चेहरे, आणि एकजण चुकून त्यातच कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो.

आमच्याकडे प्रकरण याच्या पुढे गेलं. कमिटीनं नियमांचा मसुदाच काढला. एक, लॉनवर कुत्रा आणायचा नाही. दोन, शी सापडली तर हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा दोन हजार, तिसऱ्यांदा "सदर प्राणी सोसायटीबाहेर काढण्यात येईल". तीन, कुत्र्यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरायची. (कुत्र्यांनी! जणू तीच बटण दाबतात.) चार, भाडेकरूंना कुत्रा पाळता येणार नाही.

माझ्याकडे कुत्री आहे. गावठी, चार वर्षांची, शेपटीला वेटोळं म्हणून नाव चकली. त्यामुळे मी कोणाच्या बाजूनं बोलणार हे तुम्ही ठरवून टाकलं असेल. पण जरा थांबा. मला सगळ्यात आधी लॉनवाल्यांचीच बाजू सांगायची आहे, कारण आम्ही कुत्रेवाले लोक ती फार पटकन उडवून लावतो. "अहो, खत आहे ते, नैसर्गिक आहे." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि हे साफ चूक आहे.

शेणखताशी तुलना करू नका. गाय गवत खाते, कुत्रा मांस आणि प्रोटीनवालं खाणं खातो. त्याच्या शीमध्ये जंतांची अंडी असू शकतात. त्यात टॉक्सोकारा नावाचा एक गोलकृमी असतो. त्याची गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी आहे की ताज्या शीतली अंडी लगेच संसर्ग करत नाहीत. मातीत पडल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत ती तयार होतात, आणि मग वर्षानुवर्षं मातीत टिकू शकतात. शी वाळून जाते, पावसात विरघळते, दिसेनाशी होते, आणि आपल्याला वाटतं संपलं. संपलेलं नसतं. त्याच मातीत नंतर दीड वर्षाचं पोर बसून हात तोंडात घालतं. दुसरा आहे हूकवर्म, त्याच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. म्हणजे "माळी उद्या उचलेल" आणि "मी आत्ता उचलतो" यात फरक फक्त शिस्तीचा नाहीये. लगेच उचललं तर त्या अंड्यांना मातीत मुरायला वेळच मिळत नाही. आणि कुत्र्याला डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी जंताचं औषध दिलं तर अंडी पडण्याचं प्रमाणच खाली येतं.

शूचं गणित वेगळं आहे. लॉनवर ते गोल पिवळे डाग दिसतात ना, मधे जळलेलं आणि कडेला उलट जास्तच हिरवं? ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको. युरिया एका जागी जास्त पडला की पीक जळतं, आणि थोडा पडला की तरारतं. शूमध्ये नायट्रोजन असतो, मधे त्याचा ओव्हरडोस होतो, कडेला बरोबर मात्रा पडते. लोक म्हणतात मादीची शू जास्त "स्ट्राँग" असते. तसं काही नाही. नर पाय वर करून खांबाखांबावर थोडी थोडी करतो, मादी खाली बसून एकाच जागी सगळी करते, म्हणून डाग तिच्या नावावर. उपाय तर अगदीच साधा आहे, लगेच त्यावर बाटलीभर पाणी ओता. मी चकलीला फिरवताना एक लिटरची बाटली घेऊन जातो. पहिल्यांदा पाहून पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "काय रे, तिला तीर्थ देतोस का?"

आता मुद्दा जो ग्रुपवर कोणीच काढला नाही. ती शी शेवटी उचलतं कोण?

फोटो काढणारा उचलत नाही. ज्याचा कुत्रा आहे तो गायब असतो. चेअरमन उचलत नाहीत. उचलतात हाउसकीपिंगच्या मावशी, किंवा माळीमामा. माळीमामा तर गवत कापायचं मशीन फिरवतात, ज्याला वाळलेली शी दिसत नाही, ते सरळ तिच्यावरून जातं आणि सगळं उडतं. कशावर उडत असेल? त्यांच्या पायांवर. त्यांच्याकडे ग्लोव्हज नव्हते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दादा, सांगायचं कुणाला? तुमच्या ग्रुपवर आम्ही नाही." अठ्ठावीस रिप्लायमध्ये ज्या दोन माणसांचा खरा प्रश्न होता, ती दोन्ही माणसं ग्रुपवरच नव्हती. कुत्रा मी पाळायचा, त्याचे रील्स मी टाकायचे, आणि घाण दुसऱ्यानं काढायची, ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे, तिचा कुत्र्यांशी फारसा संबंध नाही. चकलीच्या आधीही ती होतीच.

तर लॉनवाल्यांची तक्रार शंभर टक्के खरी. आता त्यांच्या नियमांकडे येऊ, कारण तक्रार खरी असली म्हणून उपाय बरोबर असतोच असं नाही. माझ्या कामात हे रोज बघतो, बग खरा असतो आणि फिक्स त्याहून भयंकर.

भारतीय प्राणी कल्याण मंडळ, म्हणजे अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड, ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तयार झालेली सरकारी संस्था आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी नेमकं याच विषयावर परिपत्रक काढलं, पाळीव कुत्रे, भटके कुत्रे आणि सोसायट्या. त्यात स्पष्ट लिहिलंय की सोसायटी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, बहुमतानंसुद्धा नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. बागेत कायमची बंदी घालण्यापेक्षा वेळा ठरवा म्हणतात. आणि आपल्या विषयाचं कलम असं की, शी उचलणं बंधनकारक करणारा केंद्राचा किंवा राज्याचा कायदा नसेल तर सोसायटीला स्वतःच्या मनानं दंड किंवा शुल्क लावता येत नाही. विनंती करता येते, समजावता येतं, आणि कुत्र्यांसाठी एखादी जागा ठरवून बघता येते. त्याच परिपत्रकात कुत्रेवाल्यांनाही सांगितलंय की पट्टा लावा, घाण साफ करा. हे अर्धं पान आमची गँग फॉरवर्ड करताना कापून टाकते.

आता खरं सांगायचं तर हे मार्गदर्शक परिपत्रक आहे, संसदेनं केलेला कायदा नाही, आणि कोणी खटला लढवला तर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. पण दिशा स्पष्ट आहे. २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सोसायट्यांचे प्राणीबंदीचे नियम बेकायदेशीर ठरवले. तो निकाल थेट महाराष्ट्राला बांधत नाही, पण इथे कोणी कोर्टात गेलं तर तो वाचला जाणारच. शिवाय आपल्याकडे सहकारी सोसायटीचा उपविधी बदलायचा तर सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि नंतर उपनिबंधकांची मंजुरी. लिफ्टमध्ये लॅमिनेट करून चिकटवलेला कागद म्हणजे उपविधी नव्हे. निम्म्या सोसायट्यांमधले निम्मे "नियम" त्या लॅमिनेशनच्या जोरावर चालतात असं माझं मत आहे.

रस्त्यावरचं वेगळं हं. मुंबईत महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींमध्ये सार्वजनिक जागी पाळीव प्राण्यानं घाण केली तर ५०० रुपये दंड ठरवला होता. तो अधिकार महापालिकेचा. सोसायटी म्हणजे महापालिका नाही, चेअरमन म्हणजे आयुक्त नाहीत, हे काही काकांना सांगणं अवघड जातं.

आमच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाले, "अमेरिकेत बघा, काय शिस्त आहे!" अमेरिका आली की मला बरं वाटतं, कारण मग मोबाईल काढून वाचून दाखवता येतं.

न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात फूटपाथची अवस्था भयंकर होती. फ्रॅन ली नावाची एक बाई हाच टॉक्सोकाराचा मुद्दा घेऊन वर्षानुवर्षं भांडत होती, "कुत्र्यांआधी मुलं" अशी तिची मोहीमच होती. शेवटी राज्यानं कायदा केला आणि १ ऑगस्ट १९७८ पासून मालकानं स्वतः उचलणं सक्तीचं झालं. त्याआधी तिथेही उचलायची पद्धत नव्हती. म्हणजे ती शिस्त काही त्यांच्या रक्तात नव्हती, ती लावून घेतलेली आहे, तीही आपल्या आईवडिलांच्या काळात.

आणि अमेरिकेतल्या वस्त्यांचं म्हणाल तर माझा कॉलेजचा एक मित्र टेक्ससमध्ये अशाच एका वस्तीत राहतो. तिथे घर घेताना कागदपत्रांतच असोसिएशनचे नियम येतात, तुम्ही सही करता, म्हणून तिथे दंड चालतो. आणि तिथलं लॉन आपल्यासारखं नसतं. घरासमोरचं गवत त्या घरवाल्याचं स्वतःचं असतं, तो दर शनिवारी ते कापतो, त्याला पाणी घालतो, आणि ते वाढलं तर त्यालाच नोटीस येते. त्यामुळे दुसऱ्याचा कुत्रा त्यावर बसला की ते त्याच्या अंगणात येऊन केल्यासारखं असतं. मित्र सांगतो, तिकडे भांडण शीवरून कमीच होतं, ती सगळे उचलतात. भांडण होतं शूवरून. ती उचलता येत नाही. लोक गवतात पाट्या लावतात, कॅमेरे लावतात. त्याच्या वस्तीत कुत्र्याच्या गालाच्या आतून कापसानं नमुना घेऊन डीएनए नोंदवावा लागतो. बेवारस शी सापडली की तिचा तुकडा लॅबला जातो आणि मालकाला बिल येतं. टेनेसी राज्यात हे काम करणारी एक कंपनीच आहे. इस्रायलमधल्या पेताह तिक्वा शहरानं २००८ मध्येच हा डीएनएचा प्रयोग सुरू केला होता. आम्हा डेव्हलपर लोकांच्या भाषेत सांगायचं तर शीचं गिट ब्लेम. कोणी कमिट केलं, लगेच कळतं.

पण माझा आवडता किस्सा स्पेनचा. माद्रिदजवळ ब्रुनेते नावाचं छोटं गाव आहे. २०१३ मध्ये तिथल्या स्वयंसेवकांनी काय केलं, कोणी शी न उचलता निघाला की त्याच्याशी जाऊन गोड गप्पा मारायच्या. "किती गोंडस! कुठल्या जातीचा? नाव काय हो?" नाव आणि जात कळली की नगरपालिकेच्या नोंदवहीतून पत्ता काढायचा. आणि ती शी नीट डब्यात पॅक करून, वर "हरवलेली वस्तू" लिहून घरपोच पाठवायची. १४७ डबे पाठवले. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा पहिल्यांदा दोन्ही पार्ट्या एकत्र हसल्या.

तर मी काय केलं. भांडण करण्यापेक्षा ग्रुपवरचे सगळे फोटो उतरवून घेतले आणि एका शीटमध्ये वेळ आणि जागा लिहिली. ऑफिसात आपण लॉग बघतो तसं. दोन गोष्टी ठळक दिसल्या. बहुतेक फोटो सकाळी सातच्या आधीचे. आणि बहुतेक एकाच वळणावरचे, बी विंगच्या जिन्यातून बाहेर पडल्यावर जिथे फरशी संपते आणि गवत सुरू होतं तिथले.

आता कुत्र्याच्या बाजूनं विचार करा. रात्री दहापासून धरून ठेवलंय. सकाळी लिफ्ट, लॉबी, फरशी, फरशी, फरशी, आणि अचानक मऊ गवत. कोण थांबेल? शिवाय कुत्रा वासानं चालतो. काल जिथे कोणीतरी केलं तिथे आजचा कुत्रा पण हुंगत जाऊन बसतो. म्हणजे एक शी तिथे राहिली की ती पुढच्या चार जणांना आमंत्रण असते. (वासाबद्दल बोलतोय तर, चेक आणि जर्मन संशोधकांनी दोन वर्षं ७० कुत्र्यांना शी करताना मोजलं आणि सांगितलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तर कुत्रे उत्तर-दक्षिण तोंड करून बसणं पसंत करतात. याला २०१४ चं इग नोबेल मिळालं. सोसायटीच्या वास्तुवाल्या काकूंना मी हे सांगितलेलं नाही. त्या जागाच बदलायला लावतील.)

मुद्दा असा की लॉनवर "कुत्र्यांना बंदी" पाटी लावून काही होत नाही, कुत्र्याला वाचता येत नाही आणि मालक सकाळी साडेसहाला अर्धा झोपेत असतो. लॉनच्या आधी दुसरी सोयीची जागा पाहिजे. आमच्याकडे जनरेटरच्या मागे एक पट्टा रिकामा होता, जुन्या फरशांचा ढीग होता तिथे. तिथे माती आणि वाळू टाकून, नळाला एक पाईप जोडून, झाकणाचा डबा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवायचा असा प्रस्ताव मी दिला. पहिले काही दिवस तिथेच न्यायचं, वास बसला की कुत्रे आपोआप तिकडे ओढतात. लॉनचं ते वळण मात्र साबण-पाण्यानं नीट धुवायला हवं, अमोनियावालं क्लीनर नको, त्याचा वास कुत्र्याला शूसारखाच वाटतो.

डब्यावरून आणखी एक लफडं निघालं. आमची सोसायटी ओल्या कचऱ्याचं खत करते, चांगली गोष्ट आहे. ते खत कुठे जातं? लॉनवर. आणि दोन-तीन कुत्रेवाले इमानदारीत शी उचलून कशात टाकत होते? ओल्या कचऱ्यात! म्हणजे उचललेली शी तीन महिन्यांनी परत त्याच लॉनवर. सोसायटीच्या खताच्या टाकीत जंतांची अंडी मरतील एवढी उष्णता धरून ठेवणं सोपं नसतं. त्यामुळे हा डबा वेगळाच पाहिजे. घरी नेत असाल तर पिशवी न टाकता सरळ कमोडमध्ये टाकून फ्लश करा.

मीटिंगमध्ये सेक्रेटरी काका म्हणाले, "हे सगळं ठीक आहे रे, पण उचललं नाही तर? दंड नाही तर भीती कशाची?" प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही. सध्या ठरलंय ते असं की अकरा कुत्रेवाल्या घरांनी आपसात पाळी लावायची, रोज सकाळी साडेसातला एकानं चक्कर मारायची, जे दिसेल ते उचलायचं, कोणाच्याही कुत्र्याचं असो. गेटवरचे दोन भटके रात्री आत येतात, त्यांचंही. त्यांना कोण दंड लावणार? मावशींना आणि माळीमामांना ग्लोव्हज आणि गमबूट आम्ही वर्गणीतून घेतले. ते सोसायटीनंच घ्यायला हवे होते, पण त्या ठरावाची वाट बघत बसलो असतो तर माळीमामा रिटायर झाले असते.

दंडाचं कलम मागे घेतलं. लिफ्टचंही. राहिलं चौथं.

भाडेकरूंना कुत्रा नको, हे कलम शीबद्दल नाहीच. मी शीट उघडून दाखवली, त्यात घरमालक-भाडेकरू असा काही पॅटर्न नाही. बी विंगमध्ये एक जोडपं राहतं, दोघं आयटीत, त्यांच्याकडे बारा वर्षांचा बीगल आहे. एका डोळ्यानं दिसत नाही त्याला. ते दोघं पहिल्या दिवसापासून पिशवी घेऊन फिरतात, मी आणि अजून दोघंतिघं त्यांच्याकडूनच शिकलो. पण मसुदा ग्रुपवर आला त्याच आठवड्यात त्यांच्या घरमालकाचा फोन आला, "नियम होणार आहे म्हणतात, तुम्ही काहीतरी सोय बघा." घरमालक करारात काय लिहितो हा त्यांच्यातला प्रश्न, मान्य. पण इथे घरमालकाची तक्रार नव्हतीच. त्याला सोसायटीची भीती होती. बारा वर्षांच्या, अर्ध्या आंधळ्या कुत्र्याची काय "सोय" बघायची असते? ती ताई मीटिंगला आली होती, पण भाडेकरूला मत नसतं, म्हणून मागे उभी राहून ऐकत होती. एका काकूंनी मात्र तिला खुर्ची दिली.

चेअरमन म्हणाले, चौथं कलम वार्षिक सर्वसाधारण सभेत घेऊ. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, आमची तिसऱ्या रविवारी आहे. त्या दोघांचा भाडेकरार ऑक्टोबरमध्ये संपतोय. २०१५ च्या परिपत्रकाच्या प्रती मी काढून ठेवल्यात, आणि ज्यांच्या नावावर फ्लॅट आहे अशा घरांमध्ये रोज संध्याकाळी चकलीला घेऊन एक-दोन बेल वाजवतोय. काल आजींकडे गेलो होतो. चकलीला बिस्कीट दिलं, कागद चष्मा लावून पूर्ण वाचला, आणि विचारलं, "सभा किती वाजता आहे? मला खाली न्यायला ये."